चला, शहर वाचू या

(आपण राहतो त्या शहरातून रोज जातो-येतो, पण ते शहर आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. पाच-सहा जणांनी मिळून आपलेच शहर पायी कसे पाहावे, काय विचारावे आणि असे पाहणे का गरजेचे आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला नक्कीच गेला असाल. साठ मुले, एक बस, खाऊचे डबे, गाणी आणि भेंड्या! लेणी किंवा किल्ला पाहिला, रांगेतून पुढे सरकलात आणि संध्याकाळी दमून घरी आलात. घरी कोणी विचारले, "काय पाहिलेस?" तर तुम्ही म्हणालात, "लेणी." त्यापुढे काय सांगावे ते मात्र सुचले नाही. अशी सहल वाईट नसते. तिच्यात मजा असते. पण साठ जणांच्या घोळक्यात पाहायला वेळ कमी मिळतो आणि विचारायला तर त्याहूनही कमी.

आज आपण वेगळ्या सहलीला जाऊ. या सहलीला बस नको आणि वर्गणीही नको. पाच-सहा मुले-मुली, सोबत एक शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस, एक वही, एक पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. जायचे कोठे? लांब नाही. आपल्याच शहरात!

पाच-सहाच जण का, असे तुम्ही विचाराल. सहा जण अरुंद गल्लीतून गेले तर कोणाची वाट अडत नाही. ओट्यावर बसलेले आजोबा सहा मुलांशी आनंदाने बोलतात. साठ मुले पाहिली की ते घरात निघून जातात! शिवाय सहा जणांत प्रत्येकाला काम देता येते. एकाने वहीत लिहावे. एकाने चित्र काढावे. एकाने पावलांनी अंतर मोजावे. एकाने लोकांना प्रश्न विचारावेत. एकाने वाटेचा नकाशा काढावा. उरलेल्याने वेळेकडे आणि रस्त्यावरील वाहनांकडे लक्ष ठेवावे. ज्याला काम असते त्याचे डोळे उघडे राहतात.

आता नमुन्यादाखल एक शहर पाहू. मराठवाड्यातील हे शहर खाम नदीच्या काठी वसले आहे. मूळ गावाचे नाव खडकी. इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने येथे नवे शहर वसवले. पुढे त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर हे नाव दिले. इ. स. १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. एका शहराची चार नावे! प्रत्येक नावामागे एक काळ आहे.

रविवारची सकाळ आहे. आपण भडकल दरवाजापाशी जमलो आहोत. रिक्षा आणि स्कूटर बाजूने जात आहेत. कोणी मान वर करून पाहत नाही. आपण पाहू. केवढा उंच दरवाजा! पण त्याच्या दोन्ही बाजूंना तट कोठे आहे? हा तटाचा दरवाजा नव्हेच. मुघलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने इ. स. १६१२ मध्ये तो बांधला. शहराभोवतीचा तट पुढे औरंगजेबाच्या काळात उभा राहिला. त्या तटाच्या दरवाजांची नावे ऐका. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मक्का दरवाजा. दरवाजातून निघणारी वाट कोणत्या दिशेची, हे नावच सांगते. वहीत दिशा काढा आणि त्यांवर ही नावे लिहा. भूगोलाचा एक धडा येथेच झाला!

हा मलिक अंबर कोण होता? त्याचा जन्म आफ्रिकेतील हबश देशात झाला. त्या देशाला आज इथिओपिया म्हणतात. लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकले गेले. हातोहात विकला जात तो दख्खनमध्ये आला. येथे आपल्या बुद्धीच्या आणि पराक्रमाच्या बळावर तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. इ. स. १६२६ मध्ये तो मरण पावला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते, त्याने हजारोंना घर दिले, एक शहर दिले.

शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. मलिक अंबरने पाण्याची सोय केली, ती नहर-ए-अंबरी या नावाने प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील डोंगराच्या बाजूला जमिनीत मुरलेले पाणी भुयारात गोळा करायचे आणि बेताचा उतार देत ते जमिनीखालून शहरात आणायचे, अशी ही योजना होती. आत उतरून सफाई करता यावी म्हणून मध्ये मध्ये तोंडे ठेवलेली होती. येथे ना वीज होती, ना पंप. पाणी उताराने वाहते, एवढ्याच नियमावर सारे काम चालले. आज या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. ते विजेच्या पंपांनी चढावर ढकलावे लागते.

भडकल दरवाजापासून थोडे चालले की खाम नदीच्या काठी पाणचक्की लागते. येथे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. पादत्राणे बाहेर काढा. हळू बोला. समोरचा मोठा हौद पाहा. काठावर विस्तीर्ण वड आहे. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून येथे आणलेले आहे. ते उंच भिंतीवर चढते आणि तेथून हौदात कोसळते. पंप नसताना पाणी भिंतीवर कसे चढले? विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात : पाणी आपली पातळी शोधते. डोंगरातील झरा भिंतीपेक्षा उंचावर आहे. म्हणून पाणी भिंतीवर चढते. त्याच पाण्याच्या जोरावर पात्यांचे चाक फिरे आणि जाते दळू लागे. ते पीठ फकीर, मुसाफिर आणि गरीब यांच्या भाकरीसाठी असे. वाहत्या पाण्याने कोणाची भूक भागवावी, ही कल्पनाच किती सुंदर आहे!

तेथून नागसेनवन लांब नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे १९५० साली सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशी मुले मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून येथे शिकायला आली. तुम्ही म्हणाल, ही काही ऐतिहासिक इमारत नाही. पण इतिहास फक्त राजांचा नसतो. शाळा, वाचनालय, दवाखाना, पोस्ट ऑफिस, बाजार यांनाही इतिहास असतो. तो सांगणारी माणसे पुष्कळदा आपल्या आसपासच असतात.

शेवटी बीबी का मकबरा पाहू. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. लोक येतात, फोटो काढतात, ताजमहालाशी तुलना करतात आणि निघून जातात. तुम्ही प्रवेशद्वारापाशी थांबा. त्यावरील लेखात दोन नावे आहेत : अताउल्ला आणि हंसपत राय. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने बांधकाम पाहिले. मग भिंतीजवळ जा. खालच्या भागात संगमरवर आहे, वर साध्या दगडावर गिलावा आहे आणि घुमट पुन्हा संगमरवरी आहे. दुरून सारे सारखेच पांढरे दिसते. फरक कळायला जवळ जावे लागते. शहराचेही असेच असते.

या शहराचे उर्दूशी फार जुने नाते आहे. उर्दूच्या तासाला ज्यांचे नाव तुम्ही ऐकता, ते कवी वली दखनी आणि सिराज औरंगाबादी याच शहराचे. शिवाय सूत आणि रेशीम यांपासून विणलेले येथील हिमरू कापडही प्रसिद्ध आहे. कोठे माग चालू दिसला तर विणकराला विचारून आत जा. पाच मिनिटे नुसता हात पाहा. वीस पानांत जे कळणार नाही ते त्या हातांत दिसेल.

आता एक कटू गोष्ट सांगायला हवी. या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात, पण त्यांतले आज मोजकेच उभे आहेत. नहरीवर वस्ती वाढली. घरांचे पाये आणि रस्ते खोदताना तिचे नळ जागोजागी फुटले. खोदणारे वाईट नव्हते. आपल्या पायाखाली काय आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. जे ठाऊक नाही ते जपणार कसे? म्हणून आपले शहर पाहणे ही केवळ करमणूक नाही. आज ज्या सहा मुलांनी पाण्याची वाट आपल्या वहीत काढली, ती मोठी झाल्यावर तिच्यावर कुदळ चालवण्याआधी क्षणभर तरी थांबतील.

तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तर म्हणाल, "आमच्याकडे पाहण्यासारखे काहीच नाही." असे गाव जगात नाही! मालेगावात मोसम नदीच्या काठी भुईकोट किल्ला आहे. भिवंडीत यंत्रमाग आहेत. तुमच्या गावात जुनी विहीर असेल, बाजाराचा चौक असेल, नगरपालिकेची टाकी असेल. कोठेही जा, पाच प्रश्न सोबत न्या : हे कोणी केले? केव्हा केले? कशासाठी केले? कशाचे केले? आणि आज त्याचे काय झाले आहे?

जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. घरी सांगून जा. आत जाण्याआधी परवानगी घ्या. मशीद, मंदिर, दर्गा, विहार, चर्च कोठेही गेलात तरी तेथील रीत पाळा. भिंतीवर नाव कोरू नका. ऐकीव गोष्ट लिहिताना "असे लोक सांगतात" असे लिहा. परत आल्यावर सहा जणांनी मिळून मोठ्या कागदावर नकाशा काढा आणि वर्गात लावा. पुढच्या रविवारी दुसरे सहा जण जातील. नकाशात आणखी एक वाट उमटेल. वर्ष संपेल तेव्हा तुमच्या वर्गाच्या भिंतीवर तुमचे शहर असेल, तुमच्याच पायांनी मोजलेले.

मग सांगा, या रविवारी कोठे भेटायचे?

शब्दार्थ

घोळका – गर्दी, समूह
तट – शहराभोवतीची मजबूत भिंत
मुरणे – जमिनीत शोषले जाणे
भुयार – जमिनीखालची वाट
पादत्राणे – चपला, बूट
विस्तीर्ण – खूप पसरलेला
जाते – धान्य दळण्याचे दगडी साधन
आराखडा – बांधकामाचा नकाशा
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा थर
कटू – कडू, मनाला न रुचणारे
कुदळ – खोदण्याचे अवजार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मलिक अंबरचा जन्म कोठे झाला?
(२) पाणचक्कीत दळलेले पीठ कोणासाठी असे?
(३) बीबी का मकबरा येथील प्रवेशद्वारावर कोणाची नावे आहेत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सहलीला पाच-सहाच जण असावेत, असे लेखात का म्हटले आहे?
(२) पंप नसताना पाणचक्कीचे पाणी भिंतीवर कसे चढते?
(३) नहरीचे नळ का फुटले?

प्र. ३. कोणत्या दिशेला ते लिहा.
दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा.

प्र. ४. 'दरवाजा', 'शहर', 'हौद', 'नकाशा', 'इमारत' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घराजवळील एखादी जुनी विहीर, इमारत किंवा संस्था पाहा. पाठातील पाच प्रश्नांची उत्तरे मिळवा आणि दहा ओळींत माहिती लिहा.