कपिंग थेरपी : मसाजला जाण्यापूर्वी एवढे समजून घ्या



मसाजला गेल्यावर "कपिंगपण करायचं का?" असे विचारले तर काय उत्तर द्याल? हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण समजून म्हणा. त्यासाठीच हा छोटासा पाठ.

नाव नवे, पद्धत जुनी

कपिंग म्हणजे आपली तुंबडी. वैदू समाजाचे लोक गावोगाव फिरून तुंबडी लावत. सुश्रुतसंहितेत दूषित रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही साधने सांगितली आहेत. भोपळा लावताना त्यात दिवा ठेवत. युनानी वैद्यकात याच प्रकाराला हिजामा म्हणतात.

कप चिकटतो कसा?

शाळेतला प्रयोग आठवा. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती आणि वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, आतली तापलेली हवा थंड होऊन आकसते, दाब कमी होतो आणि पाणी ग्लासात चढते. कपिंगमध्ये पाण्याच्या जागी आपली त्वचा असते. काचेच्या कपात क्षणभर ज्योत धरून तो लगेच पाठीवर ठेवतात. प्लास्टिकच्या कपातली हवा हातपंपाने काढतात. म्हणजे मसाजमध्ये स्नायू दाबतात, इथे त्वचा वर ओढली जाते. कप साधारण ५ ते १५ मिनिटे ठेवतात.

दोन प्रकार, मोठा फरक

१) कोरडे कपिंग : फक्त कप लावतात. रक्त काढत नाहीत.
२) ओले कपिंग : त्वचेवर बारीक चिरा देऊन रक्त ओढतात. हे मसाजवाल्याचे काम नाही. त्यासाठी शिकलेला, नोंदणीकृत वैद्य किंवा डॉक्टर आणि निर्जंतुक साहित्यच हवे.

ते गोल डाग कसले?

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे डाग जगाने पाहिले. ओढ बसून त्वचेतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखाली साचते. मुका मार लागल्यावर होतो तसाच हा डाग. काही दिवसांत, कधी दोनेक आठवड्यांत जातो. "डाग जितका काळा, तितकी घाण बाहेर आली" हे खरे नाही.

आपल्या गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, सरावाला जाणारी मुले घरोघरी आहेत. मोठ्या खेळाडूचे बघून मुलांनी घरी ज्योत आणि ग्लास घेऊन हा प्रयोग करू नये. भाजण्याचा धोका आहे.

फायदा किती?

मान-पाठदुखीत काहींना थोडे दिवस आराम पडतो, पण शास्त्रीय पुरावा अजून भक्कम नाही. शुगर, बीपी कपिंगने बरे होते असे कोणी सांगितले तरी चालू गोळ्या बंद करू नका.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

- रक्त पातळ करणारी गोळी चालू असणारे, रक्त लवकर न थांबणारे
- गर्भवती महिला
- मधुमेहामुळे त्वचेला बधिरपणा आलेले (चटका बसला तरी कळत नाही)
- रक्त कमी असणारे (ॲनिमिया)

जखम, इसब, सोरायसिस किंवा फुगलेल्या शिरा असलेल्या जागी कप लावू देऊ नये.

जाताना हे चार प्रश्न विचारा

१) कोरडे की ओले?
२) ज्योत वापरणार की पंप?
३) कप कसे निर्जंतुक करता?
४) हे तुम्ही कुठे शिकलात?

कप लावल्यावर ओढ जाणवणे ठीक. पण जळजळ झाली, चक्कर आली किंवा सहन होईना, तर लगेच "काढा" म्हणा. संकोच करू नका. नंतर फोड, पू किंवा ताप आला तर दवाखाना गाठा.

आणि शेवटचे : पाठदुखीसोबत पाय बधिर पडत असतील, किंवा छातीत दुखून डावा हात भरून येत असेल, तर ते मसाजचे दुखणे नाही. तिथे कपात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.