काटा वॉल उघडून बघा

चेहेडीला दारणेवरून मळ्यापर्यंत ९०० मीटर लाइन, वर १८ मीटरचा चढ. मी पहिल्यापासून तीन इंची पाइप मागत होतो. नाशिक रोडचा दुकानदार मात्र "काका, दोन इंची पुरते, कमी पडलं तर मोटर वाढवू" एवढंच धरून बसला. थोरल्या बंधूंनी त्याच्या शब्दावर व्यवहार उरकला. असो.

द्राक्षाला शेवटच्या ओळीत थेंब पडेना, म्हणून त्याचा माणूस आला. फिल्टरपाशी मीटर लावून म्हणतो, "चार किलो प्रेशर आहे, अजून काय पाहिजे?" पुढचा वॉल बंद होता! मी वॉल उघडायला लावला, तसा काटा धाडकन अर्ध्या किलोच्या खाली. गडी गप्प. मग म्हणे, तुमचे एल्बोच जास्त झाले.

पाणी थांबलेलं असताना पाइपात घर्षण नसतं, प्रेशर पूर्ण दिसतं. ते वाहू लागलं की पाइप प्रत्येक मीटरला थोडं प्रेशर खातो. प्रवाह दुप्पट केला की हा तोटा जवळपास चौपट होतो. तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचं तर सुमारे ३२ पट. डार्सी-वाइसबाखचं हे सूत्र दीडशे वर्षांहून जुनं आहे, दुकानात मात्र पोचलेलं नाही. सेकंदाला ५ लिटर धरून मी हिशेब केला: ६३ एमएममध्ये (म्हणजे दोन इंची) सुमारे ५० मीटर हेड (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायचं प्रेशर) नुसतं घर्षणात जातं, ९० एमएममध्ये ९च्या आत. एका एल्बोत वीतभरही जात नाही, आठ एल्बो कुठे पुरणार?

६३ हे बाहेरचं माप आहे, हिशेबाला आतलं धरा. घर्षणात किती हेड जाणार ते कोटेशनवर लिहून घ्या. लाइनला फाटे असतील तर पाइपलाइनच्या हिशेबाचं एपानेट सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मुलाला बसवा. चार ठिकाणी चौकशी करा, हे तर आहेच.

"साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे, टाका मोठी मोटर," हेही ऐकून घेतलं. पाणी सव्वापट करायला घर्षणाचं हेड दीडपट लागतं, बिल कोणीही भरो.

तीन इंची लाइन शेवटी दुसरीकडून टाकली. पहिल्या दुकानदाराला जुना पाइप परत घेतोस का विचारलं, तर म्हणे, वापरलेला माल आम्ही घेत नाही.