शेजारच्या दाराचा कोयंडा

मामलेदार कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या मनुष्याला फिर्याद, जबाब, पंचनामा हे शब्द अपरिचित असण्याचे कारण नाही. आणि तरीही ज्या दुपारी या परिचयाचा उपयोग व्हावयास हवा होता, त्या दुपारी मी ओसरीवर स्वस्थ बसून राहिलो, ही गोष्ट लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

2022 चा भाद्रपद. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी शेजारचे कुटुंब घर बंद करून गणपतीसाठी कोकणात गेले होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बोळाच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि चार माणसे त्या घरातून सामान बाहेर काढू लागली. प्रथम शिलाईयंत्र आले, मग शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब, मग शिसवी कपाट. मी चौकशी केली. "मालकांनी घर बदललंय, काका," असे त्यांतील एकाने इतक्या सहजपणे सांगितले की मी मान डोलावली, आणि ऊन फार होते म्हणून त्यांना तांब्याभर पाणीही दिले. पायरीवर कुलूप पडलेले होते आणि दाराचा कोयंडा वाकलेला होता. तो मी पाहिला. किल्ली हरवली असेल, असा खुलासा माझ्याच मनाने तत्काळ पुढे केला आणि मी तो मान्य केला.

असे का झाले, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे. कोर्टाच्या ओट्यावर साक्षीदार म्हणून तारखांमागून तारखा बसून काढणारी माणसे मी नोकरीत असताना नित्य पाहिली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन माझ्या पिढीच्या रक्तात भिनले आहे. शिवाय निष्पाप माणसांवर आळ घेतल्याचा दोष पदरी येईल ही भीती होती. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक चुकीची समजूत होती: खात्री झाल्यावाचून पोलिसांना कळवू नये, अशी. खात्री करून घेणे हे तपासाचे काम आहे आणि त्यासाठी सरकारने माणसे नेमलेली आहेत. नागरिकाजवळ केवळ शंका असते आणि ती वेळेवर पोचविणे एवढाच त्याचा वाटा असतो, हे साधे तत्त्व मला त्या दिवशी सुचले नाही.

वहिनी परतल्या. पंचनामा झाला. फौजदारांनी मला टेम्पोचा क्रमांक विचारला, रंग विचारला, तो कोणत्या रस्त्याने गेला ते विचारले, आणि दहा पावलांवरून सगळे पाहिलेल्या माझ्याजवळ यांपैकी एकाही प्रश्नाचे धड उत्तर नव्हते. पुढे शिलाईयंत्र तेवढे सापडले. वहिनींनी मला बोल लावला नाही. "भाऊजी, तुम्ही घरीच होतात ना?" एवढेच त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या.

म्हणून वाचकांना माझी पहिली विनंती ही, की बंद घराचे दार अवेळी उघडे दिसले, कुलूप तुटलेले दिसले, शेजारून किंकाळी किंवा मारहाणीचा आवाज आला, एकाकी राहणाऱ्या वृद्धाचे दार दिवसभर उघडले नाही, तर 112 हा क्रमांक फिरवावा. फोन घेणारी व्यक्ती आपल्या गावची नसते. महाराष्ट्रातील हे फोन नवी मुंबई व नागपूर येथील नियंत्रण कक्षांत घेतले जातात, आणि तेथून आपल्या हद्दीतील गाडीला वर्दी जाते. "मारुतीच्या देवळामागे या" हे वाक्य गावात पुरेसे असले, तरी तेथे पुरत नाही. जिल्हा, तालुका, गाव, रस्ता आणि ठळक खूण या क्रमाने सांगावे; माणसे किती, हाती शस्त्र आहे काय, कोणी जखमी आहे काय, वाहन कोणते व कोणत्या दिशेला गेले, हे सांगावे; आणि पलीकडून प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नये. वाहनाचा क्रमांक तर आधी हातावर लिहून घ्यावा, मग फोन करावा. स्मरणावर विसंबून राहण्याचे फळ मी भोगले आहे.

सर्वच तक्रारींचा मार्ग ठाण्याकडे जात नाही, हेही जाणून असावे. बांधाचा वाद दिवाणी न्यायालयाचा, तुंबलेले गटार नगरपालिकेचे. शिवीगाळीसारखा अदखलपात्र गुन्हा ठाण्याच्या वहीत नोंदला जातो, परंतु दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक माणसे अंमलदारावर विनाकारण रुष्ट होऊन परततात. उलट घरफोडी, गंभीर दुखापत यांसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते. तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यात नकार मिळालाच, तर खबरीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडावा, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

येथवरचा उपदेश पुष्कळांना ठाऊक असेल. मला खरे सांगावयाचे आहे ते यापुढचे, कारण एका चुकीच्या पश्चात्तापातून माझ्या हातून दुसरी, अधिक भयंकर चूक होता होता राहिली.

त्या चोरीनंतर आळीतील तरुणांना गोळा करून मी रात्रीची गस्त सुरू केली. शिट्ट्या, बॅटऱ्या, काठ्या आल्या. हेतू शुद्ध होता. परंतु त्या गस्तीचा ठाण्याशी मी कोणताच संबंध ठेवला नाही, बीटच्या हवालदाराला कळविले नाही, आणि मुलांनी काय करावे व काय करू नये याचा एक शब्दही ठरवून दिला नाही. भाद्रपदातील लाज माझ्या मनात धुमसत होती आणि तिची फेड मला हवी होती. पौषातील एका रात्री एकच्या सुमारास, बाजारपेठेमागच्या वखारीजवळ, घोंगडी पांघरलेला एक अनोळखी इसम मुलांना सापडला. बोली आमच्याकडची नव्हती. तो भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याला विजेच्या खांबाशी बांधले. कोणीतरी थोबाडीत मारली, कोणीतरी पाठीत काठी घातली, पाहता पाहता तीस-चाळीस माणसे जमली, आणि सर्वांत वडील म्हणून सगळे माझ्याकडे पाहत असता मी पाच-सात मिनिटे काहीही बोललो नाही.

त्या मिनिटांत मला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवला. 1 जुलै 2018 रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेवर विश्वास ठेवून जमावाने तेथे पाच जणांना ठार मारले होते. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली. मारणारे लोक काही जन्मजात क्रूर नव्हते. आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत असेच त्यांना वाटत असणार, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला तो याच विचाराने. दुसऱ्यांदा उगारलेली काठी मी धरली, दोरी सोडावयास लावली, आणि 112 ला फोन केला.

गाडी पंधरा मिनिटांत आली. उतरलेल्या हवालदाराने त्या माणसाला आधी पायरीवर बसविले, पाणी मागवून पाजले, आणि नाव विचारले. आमच्यापैकी कोणीही त्याला नाव विचारले नव्हते. तो बीडकडचा ऊसतोड मजूर होता. तान्ह्या मुलीला ताप चढला म्हणून उघडे औषधाचे दुकान शोधत कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवरून, पायी आला होता. डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या खिशातच होती. हवालदाराने त्याला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेले.

समोर गंभीर गुन्हा करीत असलेल्या माणसाला पकडण्याचा अधिकार नागरिकाला आहे, हे खरे. परंतु संहितेच्या कलम 40 प्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, आणि मारण्याचा अधिकार तर एका क्षणापुरताही नाही. रात्री अनोळखी बोली बोलणे, मळके कपडे असणे, हा गुन्हा नव्हे. आमची गस्त आजही चालते. तिची यादी ठाण्यात दिलेली आहे, काठ्या घरी राहतात, आणि अनोळखी माणूस दिसल्यास दुरून पाहावे, नाव-गाव सौम्यपणे विचारावे, शंका फिटली नाही तर फोन करावा, एवढाच नियम आहे. गावी जाताना वहिनी आता बीटच्या हवालदाराला तारखा कळवून जातात.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर गेलो. मुलगी आईच्या मांडीवर निजली होती, ताप उतरला होता. तो मजूर बाजेवर बसला होता. ओठ सुजलेला होता. क्षमा मागण्यासाठी वाटेत जुळवून आणलेले शब्द माझ्या तोंडून निघण्यापूर्वीच त्याने मला ओळखले, आणि घाईघाईने उठून उभे राहत हात जोडले.