न कळता गेलेलं वारं

मंडळी, 'अमक्याच्या अंगावरून वारं गेलं' असं आपण गावात म्हणतो. कुणाचा हात लुळा पडतो. कुणाची वाचा जाते. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. पण वारं अंगावरून जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, असं कधी ऐकलं आहे का? मीही ऐकलं नव्हतं. माझ्यावर पाळी आली तेव्हा कळलं.

मी निवृत्त हेडमास्तर. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये मुलाजवळ राहतो. गेल्या पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरला आणि डोके आपटले. मुलाने दवाखान्यात नेले. तिथे डोक्याच्या आतला फोटो काढला. त्याला सीटी स्कॅन म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पडल्यामुळे काही झालेले नाही. पण मेंदूत एक जुना डाग दिसतो. पूर्वी कधी पक्षाघात झाला होता का?"

"छे! मी रोज रायलादेवी तलावापर्यंत पायी जातो. हातपाय धड आहेत."

"मग हा मुका झटका. तो येऊन गेला, तुम्हांला कळले नाही."

मुका झटका म्हणजे काय? शेतात पाटाचे पाणी चाऱ्यांनी फिरते. एखादी बारीक चारी बुजली, तर तेवढा कोपरा वाळतो. कोपरा लहान असला तर बांधावरून दिसत नाही. मेंदूतही रक्त बारीक नळ्यांनी फिरते. एक नळी बुजली की तेवढा भाग मरतो. तो भाग लहान असला तर वरून काही दिसत नाही. पण नळी ज्या कारणाने बुजली, ते कारण अंगात राहतेच. उद्या मोठी चारी बुजू शकते.

नेदरलँड देशातल्या रॉटरडॅम शहरात ६० ते ९० वर्षे वयाच्या हजारावर लोकांच्या मेंदूचे फोटो काढले. मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००३ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या मेंदूत असे मुके डाग होते, त्यांना पुढे स्मृती जाण्याच्या रोगाचा धोका दुपटीहून जास्त होता. खरा पक्षाघात होण्याचा धोकाही त्यांना जास्त होता. सगळ्यांनाच तसे होते असे नाही. पण धोका खरा आहे.

माझा रक्तदाब भरला १६८ वर ९८. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी खणात टाकली. मनात म्हटलं, दुखत नाही, खुपत नाही, मग औषध कशाला? एकदा गोळी धरली की जन्माची लागते, असंही लोक म्हणतात. तीन आठवडे असेच गेले.

एके दिवशी माझा जुना विद्यार्थी भेटला. तो इथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, मशीन बंद पडल्यावर आम्ही तेल घालत नाही. चालू असतानाच घालतो."

मला माझीच लाज वाटली. परीक्षेच्या आधी अभ्यास करा, असं मी पोरांना आयुष्यभर सांगत आलो होतो!

दुसरीकडे शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "माझी रक्त पातळ करायची गोळी घ्या. मला चांगली लागू पडली." मी घेतली नाही. वहीत प्रश्न लिहिले आणि डॉक्टरांकडे गेलो.

पहिला प्रश्न : रक्तदाबाची गोळी घ्यायलाच हवी का?

डॉक्टर म्हणाले, "होय. तुमच्या बाबतीत हीच सर्वांत महत्त्वाची. वरचा आकडा १० ने उतरला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे चौथाईने कमी होतो. मीठ कमी करा. तंबाखू सोडा. चालणे चालू ठेवा. गोळी जन्माची लागते ती सवयीने नव्हे. रक्तदाब जन्माचा असतो म्हणून लागते."

दुसरा प्रश्न : रक्त पातळ करायची अॅस्पिरिन घेऊ का?

"तुम्हांला नको. तुमच्या पोटात पूर्वी व्रण होऊन रक्त गेले होते. या गोळीने रक्तस्राव वाढू शकतो. मुक्या झटक्यात तिचा फायदा किती, याचा पक्का पुरावाही नाही. म्हणून हा निर्णय माणूस पाहून करावा लागतो. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यासाठी."

तिसरा प्रश्न : आणखी काही तपासायचे का?

"साखर, रक्तातली चरबी आणि हृदयाचे ठोके. ठोके अनियमित असले, तर औषध वेगळेच लागते."

माझे ठोके ठीक निघाले. चरबी जास्त होती. तिची एक गोळी लागली. आज मी रोज दोन गोळ्या घेतो. सहा महिन्यांनी रक्तदाब १२८ वर ७८ आला. खरे सांगतो, गोळी घेऊन काही वेगळे वाटत नाही. जे टळले ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती सोडून द्यायचा मोह होतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नका.

तुम्ही गावात राहता. रक्तदाब मोजायला ठाण्यापर्यंत यावे लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजतात. २०१७ साली देशात रक्तदाब आटोक्यात आणण्याची मोहीम सुरू झाली. तिच्या पहिल्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या.

हे पाठ करा :
तोंड एका बाजूला वाकडे झाले,
एक हात वर उचलेना,
बोलणे अडखळले,
तर १०८ ला फोन करा. वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका.

प्रश्न :
१. मुका झटका म्हणजे काय? पाटाच्या पाण्याचा दाखला देऊन सांगा.
२. शेजाऱ्याची गोळी गुरुजींनी का घेतली नाही?
३. तुमचा रक्तदाब किती आहे? मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा.