शेवळं कामाच्या दिवशी नकोत

शेवळं आणि घाई यांचं जुळत नाही. मी शहापुरात राहते आणि नोकरीला ठाण्याला जाते. संध्याकाळची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरायचं, तिथून रिक्षानं घर गाठायचं, की पुढं जे गॅसवर चढेल ते अर्ध्या तासात ताटात यायला हवं. अशा दिवशी कोणती रानभाजी घ्यावी आणि कोणती रविवारवर ढकलावी, याचा आमच्या घरात आता पक्का नियम आहे. तो नियम एका पास्त्यामुळे झाला.

जून नुकता लागला होता, पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या. पुण्याला शिकणारी माझी भाची राहायला आली होती. "मामी, आज रात्रीचं जेवण माझ्याकडे," असं तिनं सकाळीच जाहीर केलं. तिच्या फोनवरच्या कृतीत पास्त्याबरोबर ब्रसेल्स स्प्राउट्स होते. हे कोबीच्या कुळातले, सुपारीपेक्षा थोडे मोठे गड्डे. ठाण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत एखादे वेळी दिसतात. आमच्या बाजारात त्यांचं नावही कुणी घेत नाही. तिनं विचार केला की परदेशी भाजीऐवजी इथलीच ताजी घ्यावी. विचार उत्तम होता. बाजारात वाडीवरून आलेली एक ठाकूर मावशी शेवळांच्या जुड्या मांडून बसली होती. मावशीनं जुडीबरोबर मूठभर काकडं पुढं केली, तर ही म्हणाली, "आवळे नकोत हो मावशी, नुसती भाजी द्या." मावशीनं तिला समजावलंही म्हणे, पण हिचं लक्ष फोनमध्ये.

मी घरी पोचले तेव्हा पास्ता तयार होता. शेवळं धुऊन, आतल्या दांड्यासकट चिरून, लोण्यावर जरा परतून दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये टाकलेली, वर चीज. पहिले घास छान लागले, खोटं का बोला. मग धाकट्यानं घसा खाकरला. मग यांनी. मग माझ्या जिभेच्या मुळाशी बारीक काटे टोचल्यासारखं व्हायला लागलं. सासूबाईंनी तोवर पास्त्याला हात लावला नव्हता, त्यांनी पातेल्यात डोकावून एवढंच विचारलं, "काकडं कुठायत?" आणि आमसुलांची बरणी पुढं केली. आमसुलं चघळत आणि पाणी पीत आम्ही बसलो. रात्री उशिरापर्यंत घसा खवखवत होता, सकाळी बरा झाला. भाची बिचारी रडवेली झाली होती.

झालं काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. शेवळं सुरणाच्या कुळातलं. पावसाच्या तोंडावर जमिनीतून पानाआधी त्याचा फुलोरा वर येतो, आणि तोच आपण खातो. या सगळ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते तोंडाच्या आणि घशाच्या नाजूक त्वचेत रुततात, म्हणून खाज सुटते; अळवाची खाज तीच. म्हणून शेवळं साफ करताना वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा, दाणेदार भाग कापून टाकायचा, आणि हाताला आधी तेल चोळून घ्यायचं. पिवळ्या भागाची हयगय करू नका, खाज सर्वांत जास्त तिथंच. मग बारीक चिरून, तेलात चांगलं परतून, काकडाच्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचं. काकड म्हणजे रानातल्या एका झाडाची आंबट-तुरट हिरवी फळं. ती ठेचून उकळायची आणि गाळलेलं पाणी भाजीत घालायचं. काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेचा घट्ट कोळ. तोही हात आखडून नको. आमच्या पास्त्यात पिवळा भाग तसाच, शिजणं अर्धवट, आणि आंबटाच्या जागी दूध! एकही पायरी धड झाली नव्हती.

हे सगळं करायला तास-दीड तास सहज जातो, आणि तो द्यावाच. सीकेपी घरांत शेवळांची कणी होते, कोळंबी किंवा सोडे घालूनही करतात, आणि त्या चवीसाठी लोक वर्षभर थांबतात. माझ्या माहेरी, मुरबाडच्या टोकावड्याकडे, आई ती वालाच्या बिरड्यात घालते. दोन्ही प्रकार रविवारचे.

ब्रसेल्स स्प्राउट्सचीही एके काळी अशीच तक्रार होती. ते कडू लागत, आणि जास्त उकडले की गंधकाचा वास सुटे. 1990च्या दशकात नेदरलँड्समधल्या बियाणे-संशोधकांनी त्या कडूपणामागची द्रव्यं शोधून काढली, सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन. मग कमी कडू असे जुने वाण हुडकून नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. आजचा स्प्राउट म्हणून गोडसर. त्याचा कडूपणा शेतातच काढला गेलाय, म्हणून फोनवरची कृती 'धुवा, चिरा, परता' एवढ्यावर भागते. शेवळाची खाज कुणी शेतात काढलेली नाही. ती आजही स्वयंपाकघरातच काढावी लागते. 'रानातलं म्हणजे निर्मळ, त्यात काय व्हायचंय' हे शहरी बोलणं मला म्हणूनच पटत नाही. कडूकंद खाणारे कातकरीसुद्धा त्याच्या चकत्या राख घालून उकळतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच तोंडात घालतात.

मग घाईच्या दिवशी काय? जून-जुलैत कुळू घ्या, काही जण तिला फोडशी म्हणतात. बुडखा आणि जून पात काढून बारीक चिरा, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घाला; भाकऱ्या होईपर्यंत भाजी तयार. टाकळा कोवळा असेल तरच. भारंगी कडू, ती उकडून पिळून घ्यावी लागते; दमलेल्या हातांनी नको.

आणि पास्ताच करायचा तर कर्टोली येईपर्यंत थांबा. श्रावणात ती मुबलक असतात, आणि माझ्या मते स्प्राउटची जागा तीच घेऊ शकतात: तशीच लहान, हिरवी, कडूपणा अगदी नावाला. उभी चिरून टणक बिया काढा, कोवळ्या राहू द्या. पसरट कढईत तेल तापवून मोठ्या आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत परता. झाकण अजिबात नको, वाफेनं ती गिळगिळीत होतात. मग ठेचलेला लसूण, सुकी मिरची, उकडलेला पास्ता आणि त्याच्याच पाण्याचा अर्धा पेला. वरून चीजऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट. भाचीनं ऑगस्टमध्ये येऊन हाच केला; सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आता जरा कडक बोलते. ओळख नसेल तर बांधावरून स्वतः काही खुडून आणू नका. त्याच दिवसांत कुंपणांवर कळलावी चढते, आणि ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. विकणाऱ्या बाया लहानपणापासून हेच करत आल्या आहेत, त्यांच्याकडूनच घ्या आणि कशी करायची ते तिथंच विचारा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी शेवळांच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांना पहिल्यांदा देताना चमचाभरच द्या. आणि कधी घसा धरलाच, तर आमसूल, चिंच हे खवखवीपुरतं ठीक. पण ओठ किंवा जीभ सुजायला लागली, गिळताना वा श्वास घेताना अडायला लागलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठा.