ओझे आणि त्याची जागा

शाळेत जाणारे मूल दररोज ओझे वाहते, आणि ओझे वाहणे हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने श्रमाचे काम आहे. हमाल, सैनिक किंवा गिर्यारोहक यांच्या श्रमांचे मापन ज्या रीतीने होते, त्याच रीतीने दप्तराचेही करता येते. चालताना मनुष्य किती प्राणवायू वापरतो, हे त्याच्या उच्छ्वासाच्या पृथक्करणावरून कळते. एक लिटर प्राणवायू म्हणजे सुमारे पाच किलोकॅलरी ऊर्जा. ओझ्यासह चालण्याच्या खर्चातून रिकाम्या हाताने चालण्याचा खर्च वजा केला, की उरतो तो निव्वळ ओझ्याचा खर्च.

एम. एस. मल्होत्रा व जे. सेनगुप्ता यांनी शाळकरी मुलांच्या बाबतीत केलेले असे मापन १९६५ साली प्रसिद्ध झाले. पाठीवर, पाठीच्या खालच्या भागावर, एका खांद्यावरून तिरके आणि हातात, अशा चार प्रकारे दप्तर वाहून पाहण्यात आले. पाठीवर सर्वांत कमी ऊर्जा लागली, हातात सर्वांत जास्त. एस. आर. दत्ता व एन. एल. रामनाथन यांनी १९७१ साली सात पद्धतींची तुलना केली. अर्धे ओझे छातीवर व अर्धे पाठीवर घेणे सर्वांत काटकसरीचे ठरले. दोन्ही हातांत धरून नेण्यास त्याहून सुमारे ४४ टक्के अधिक ऊर्जा लागली. डोक्यावरील ओझे पहिल्या पद्धतीच्या अगदी जवळ होते. डोईवर हंडा घेऊन जाणाऱ्या स्त्रीच्या कष्टांची कीव यावी हे योग्यच, परंतु तिची पद्धत अडाणी नव्हे. मानेच्या मणक्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

हा फरक का पडतो? हातातील ओझे बोटांच्या व दंडाच्या लहान स्नायूंना सतत ताणून धरावे लागते. असा ताठरलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि लवकर थकतो. शिवाय शरीर एका बाजूला कलते. ते सावरण्यास दुसऱ्या बाजूचे स्नायू कामाला लागतात. पाठीवरचे ओझे धडाच्या मोठ्या स्नायूंवर व अस्थींवर विसावते. ते पाठीपासून जितके दूर लोंबेल, तितका गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि चालणाऱ्याला पुढे वाकावे लागते. गिर्यारोहकाच्या पाठपिशवीला कमरेचा रुंद पट्टा असतो तो खांद्यांवरील भार कटीच्या हाडांवर उतरविण्यासाठी. ऊर्जेच्या खर्चात त्याने फारशी बचत होत नाही. खांदे मात्र वाचतात. लहान मुलांच्या दप्तरास असा पट्टा क्वचितच आढळतो.

दिल्लीत या प्रश्नाला संसदेत वाचा फुटली ती १९८९ साली, राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य असलेले कादंबरीकार आर. के. नारायण यांच्या भाषणाने. १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९९३ च्या अहवालाने न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक ठरविले. विचार रास्त होता, परंतु तराजूतील दप्तर त्याने हलके झाले नाही. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने पहिली ते दहावीसाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा घातली, आणि दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने शाळांना त्याचे पालन करण्यास कळविले.

पंचवीस किलो वजनाच्या मुलास या हिशेबाने अडीच किलो मिळतात. त्यात एक लिटर पाणी एकटेच एक किलो भरते, बाटलीचे वजन निराळे. दिल्लीच्या उन्हाळ्यात बाटली घरी ठेव, असे कोणती आई सांगेल? शाळेच्या नळाचे पाणी पिण्याजोगे असले तरच ती सांगेल, आणि म्हणूनच या धोरणात शाळेतील पिण्याच्या पाण्याचाही उल्लेख आहे. दप्तरास सारख्या लांबीचे, मऊ अस्तराचे दोन पट्टे असावेत, असेही त्यात म्हटले आहे. चाकांचे दप्तर जिन्यावर मुलांना इजा करील, म्हणून ते नको. पट्टे मात्र घरीच आवळावे लागतात. ते सैल सोडले, की दप्तर कमरेखाली लोंबते आणि प्रत्येक पावलागणिक मागे खेचते.