सागरी मातीवाटा आणि सायकलस्वाराची प्रकृती

श्रीवर्धनपासून गुहागर, जयगडमार्गे वेंगुर्ल्यापर्यंत सायकलवर तंबू-सामान लादून, डांबरी रस्ता जमेल तेथे टाळून जाणाऱ्यांच्या प्रकृतीला खरा धोका अंतराचा नसून दमट उष्म्याचा असतो. खाडी तरीने ओलांडली की बहुधा जांभ्याच्या सड्यावरचा चढ लागतो. तेथे सावली नसते आणि हवेत बाष्प भरलेले असल्याने घाम वाळत नाही. शरीर थंड होते ते घामाच्या बाष्पीभवनाने. नुसता ओघळलेला घाम पाणी व मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र अंगातच राहते.

अशा वेळी तहानेपेक्षा अधिक साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. या अवस्थेतील डोकेदुखी, मळमळ व गोंधळलेपणा ऊन लागल्याची लक्षणे समजून आणखी पाणी पाजले जाते, आणि तेच घातक ठरते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम थोडे असते, त्यामुळे सोबत खारट खाणे हवे. मीठ घातलेले कोकम सरबत या बाबतीत सरस, हे कोकणातील घरांना सांगायला नको. जलसंजीवनीची (ओआरएस) मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उन्हात श्रम करणारा असंबद्ध बोलू लागला वा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात मानून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याला काहीही पाजू नये.

जांभ्याच्या खडबडीत वाटेवर हँडलचे हादरे तळहाताच्या कडेवरील अल्नर चेतातंतूवर, म्हणजे करंगळी व अर्ध्या अनामिकेला संवेदना देणाऱ्या नसेवर, दाब आणतात. टायरमधील हवा थोडी कमी करावी आणि पकड वारंवार बदलावी. मुंग्या येतात तोवर विश्रांती पुरते, पण बोटांची ताकद घटल्यास प्रवास थांबवणे शहाणपणाचे.

मुक्कामी बूट व अंथरूण झटकून घ्यावे, कारण दगडांच्या फटीत लाल विंचू असतो. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे ही हृदयावरील परिणामाची चिन्हे आहेत. त्यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. मात्र त्याने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून ते स्वतःहून न घेता रुग्णाला आडवे ठेवून वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे.